बंपर तुटला, आता क्लेम घ्यायचा का?

पांढुर्ण्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ आणि सौंसरहून येणारा ५४७ सावनेरला एकत्र येतात, आणि तिथून पुढे नागपूर. दवाखाना, लग्नाची खरेदी, मुलांचं कॉलेज, विमानतळ, सगळं नागपूरला. त्यामुळे आपल्या भागातली चारचाकी महिन्यातून एकदोनदा तरी या रस्त्यावर असतेच. सोबतीला संत्र्याच्या मोसमात भरलेल्या पिकअप, बोरगावच्या कारखान्यांचे ट्रक, मंगळवारी आणि शनिवारी जामसांवळीच्या हनुमानाला निघालेल्या गाड्या. एवढ्या गर्दीत कोणाचा तरी आरसा जातो, कोणाचा बंपर जातो. जीव वाचला म्हणून हात जोडायचे आणि मग प्रश्न पडतो, आता करायचं काय?

आपल्यापैकी बरेच जण पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा त्याहूनही लांब आहेत आणि गाडी चालवणारे आईवडील, काका, सासरे गावाकडे आहेत. त्यामुळे हा प्रश्न फोनवर येतो, तोही गर्दीच्या आवाजासकट. 'पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्या पात्रतेवर घरातला विमा, आधार आणि गॅस सबसिडी ही तिन्ही खाती माझ्याकडे आहेत. गेल्या दोनतीन वर्षांत घरच्या आणि शेजारच्या मिळून चारपाच क्लेमचे कागद मी पाहिले. त्यातून जे लक्षात आलं ते या वेळी मांडतो.

पहिली गोष्ट अशी की छोट्या धडकेचा निकाल आपल्याकडे विमा कंपनी लावत नाही, गर्दी लावते. पाच मिनिटांत वीस माणसं जमतात. त्यात एक जण दोघांच्याही ओळखीचा निघतो, एक जण गाड्यांचं काम कळणारा निघतो, आणि दहाव्या मिनिटाला आकडा ठरतो. माझ्या मोठ्या बाबांच्या गाडीला पांढुर्ण्यात मंडीजवळ संत्र्याच्या पिकअपनं मागे घेताना पुढून ठोकलं, तेव्हा हेच झालं. गर्दीतल्या जाणकारानं "सात-आठ हजाराचं काम आहे" म्हणून सांगितलं, पिकअपवाला पाच हजार द्यायला तयार झाला, आणि मोठ्या बाबांचा मला फोन आला. "बेटा, पाच देतो म्हणते. घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, मोठे बाबा, कोणाला लागलं का? नाही. मग आधी फोटो काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे, मागचा रस्ता आणि दुकानाची पाटी दिसेल असे, आणि तुटलेल्या भागाचे जवळून. पिकअपचं आरसी, विमा आणि चालकाचं लायसन्स यांचेही फोटो घ्या. पैसे आत्ता घेऊ नका, कारण लोंबणाऱ्या बंपरच्या मागे काय मोडलंय ते रस्त्यावर उभं राहून कोणालाच सांगता येत नाही.

गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर एस्टिमेट आलं २६,००० रुपयांचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चूक पिकअपची होती, म्हणून पैसे पिकअपच्या विमा कंपनीनं द्यावेत, असं आपल्याला वाटतं. कायद्याप्रमाणे ते बरोबरही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो दुसऱ्याच्या इजेसाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी असतो. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, दुचाकीत एक लाखाचं. पण ते पैसे मिळवायचा रस्ता मोटार अपघात दावा अधिकरणातून जातो. म्हणजे अर्ज, वकील, तारखा. २६,००० रुपयांसाठी एवढं कोण करणार? म्हणून व्यवहारात प्रत्येक जण आपल्या गाडीचं नुकसान आपल्याच पॉलिसीतून घेतो, तेही पॉलिसीत 'ओन डॅमेज' हा भाग असेल तर. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या बंपरसाठी एक रुपया मिळत नाही. गावाकडे जुन्या गाड्यांना नुसता थर्ड पार्टीच काढलेला असतो आणि घरात सगळे "विमा आहे ना" म्हणून निर्धास्त असतात. हा अंक वाचून झाला की घरच्या गाडीची पॉलिसी एकदा उघडून बघा.

आता २६,००० पैकी कंपनी किती देते ते पाहू. मोठ्या बाबांची गाडी चार वर्षं पूर्ण झालेली, पाचव्यात चाललेली. पॉलिसी साधी, म्हणजे झिरो डेप्रिसिएशनचं जोडकलम नसलेली. अशा पॉलिसीत भाग बदलला की घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. (काचेवर घसारा नाही हे आपल्या गावात लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या दोन्ही काठांवर काय उडतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी गाडी तिकडे न नेणं हा सगळ्यात स्वस्त विमा.)

मोठ्या बाबांच्या बिलात पुढचा बंपर ६,००० चा होता, प्लास्टिक, म्हणून मिळाले ३,०००. हेडलाइट ५,००० चा, तोही प्लास्टिकमध्ये धरला, मिळाले २,५००. फेंडर पत्र्याचा, ४,००० चा, ३५ टक्के कापून २,६००. मजुरी ३,००० पूर्ण मिळाली, मजुरीवर घसारा नसतो. राहिला रंग, ८,०००. यात एक बारकावा आहे. घसारा रंगाच्या सामानावर लागतो, रंगवायच्या मजुरीवर नाही. आणि बिलात दोन्ही एकत्र असतील तर एकूण रकमेच्या २५ टक्के हे सामान समजायचं, असं घसाऱ्याच्या तरतुदीत लिहिलेलं असतं. म्हणजे सामान २,००० चं, त्याच्या निम्मे १,००० कापायचे आणि ७,००० द्यायचे. सर्व्हेअरच्या हिशेबात मात्र पूर्ण ८,००० वर ५० टक्के कापले होते. एका ओळीत ३,००० रुपये गेले.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पॉलिसीतलं ते कलम आणि बिलाची ती ओळ, एवढंच जोडून ईमेल पाठवला. चार ओळींचा. कोणाची चूक, कोणाचा हेतू, असलं काही लिहिलं नाही. दहा दिवसांनी सुधारित हिशेब आला. एकूण १८,१०० आणि त्यातून सक्तीची वजावट १,००० (१,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,०००, त्यावरच्या कारला २,०००, दुचाकीला १००), म्हणजे हातात १७,१००. बिलाची एकेक ओळ तपासायचा कंटाळा करू नका. आपण कोडमध्ये एक चुकलेली ओळ दिवसभर शोधतो, इथे ती सापडली तर पैसे मिळतात.

पण हिशेब इथे संपत नाही. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो: एक वर्ष क्लेम नसला तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या बाबांना ४५ टक्के मिळत होते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५० झाले असते. त्यांचा ओन डॅमेजचा हप्ता बोनस वजा करण्याआधी ९,००० धरू. क्लेम नसता तर दरवर्षी ४,५०० भरले असते. क्लेम घेतल्यावर पहिल्या वर्षी पूर्ण ९,०००, मग ७,२००, ६,७५०, ५,८५०, ४,९५०, आणि सहाव्या वर्षी गाडी पुन्हा ५० टक्क्यांवर. पाच वर्षांत जास्तीचे गेले ११,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १३,२७५. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. अंदाजाला पुरे.

म्हणजे १७,१०० मिळाले आणि १३,२७५ हळूहळू परत गेले. निव्वळ फायदा ३,८२५ रुपये.

गंमत पुढे आहे. मोठ्या बाबांनी रस्त्यावरचे पाच हजार घेतले असते आणि क्लेम घेतलाच नसता, तर खिशातून २१,००० गेले असते. क्लेम घेऊन गेले ८,९०० आणि बोनसचे १३,२७५, एकूण २२,१७५. गर्दीचा निकाल अगदीच वाईट नव्हता, हे कागदावर मांडल्यावर कळलं. फरक एवढाच की गर्दीनं सात-आठ हजाराचं काम समजून पाच हजार ठरवले होते, आणि आपण ते २६,००० चं बिल समोर ठेवून ठरवलं.

म्हणून माझं मत सांगतो. नुसता बंपर चेपला, आरसा गेला, दाराला ओरखडा पडला, तर क्लेम घेऊ नका. त्याच गाडीला फक्त बंपर, थोडा रंग आणि मजुरी असं १०,००० चं बिल असतं तर कंपनीकडून साडेपाच हजारांच्या आसपास आले असते आणि बोनस तेराचा गेला असता. अशा वेळी समोरच्याकडून जे रीतसर मिळेल ते घ्यावं, चहा प्यावा आणि घरी जावं. बिल मोठं असेल, किंवा चेसिस, रेडिएटर, एअरबॅग यांना धक्का असेल, तर क्लेम घ्यावा. मधल्या आकड्यांना वर केलेली बेरीज-वजाबाकी स्वतःच्या पॉलिसीवर करावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. झिरो डेप्रिसिएशनची पॉलिसी असेल तर गणित पुष्कळ बदलतं, कारण घसारा कापला जात नाही. आणि बोनस सुरक्षित ठेवणारं जोडकलम घेतलं असेल तर आणखी.

क्लेम घ्यायचा ठरवलात तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या प्रकरणात म्हटलेलं आहे, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कशाला जायचं? सर्व्हेअरनं पाहिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू देऊ नका. पॉलिसीच्या छापील मजकुरात मालकाला स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करायची मुभा आहे, फक्त तिची मर्यादा ५०० रुपये! गाडी ओढून न्यायचा खर्च कारसाठी १,५०० पर्यंत मिळतो. पांढुर्ण्याहून नागपूरच्या कॅशलेस गॅरेजपर्यंत गाडी टो करून न्यायची तर वरचा खर्च आपला, म्हणून चालती गाडी असेल तर आधी सर्व्हेअर कुठे येणार ते फोनवर विचारून घ्या. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. कळवल्याची तारीख आणि क्लेम नंबर लिहून ठेवलात तर हे दिवस मोजता येतात.

कळवल्यानंतर विचार बदलला तर क्लेम मागे घेता येतो. मात्र काहीही रक्कम न देता बंद झाल्याचं कंपनीकडून लेखी घ्या, नूतनीकरणाच्या वेळी बोनसचा वाद नको.

आतापर्यंतचं सगळं पत्रा आणि प्लास्टिकचं. माणसाला लागलं असेल तर वरचं एकही गणित लावायचं नाही.

सौंसरजवळची गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या कारचा मोपेडला धक्का लागला. मोपेडवाला बोरगावकडे कामाला जाणारा रोजंदारीचा माणूस. गुडघा खरचटला, उठून उभा राहिला, "काही नाही भाऊ, ठीक आहे" म्हणाला. गर्दीनं दोन हजार ठरवले आणि एका कागदावर 'आपसात समझोता झाला, तक्रार नाही' असं हिंदीत लिहून सह्या घेतल्या. तीन आठवड्यांनी कळलं की गुडघ्यात फ्रॅक्चर होतं. त्याचे दोन महिने काम बंद. त्यानं पोलिसांत तक्रार दिली, मग दावा केला. कारवाल्या गृहस्थांना वाटत होतं की सही केलेला कागद आहे म्हणजे विषय संपला. तो तसा संपत नाही. कोर्ट माणसाला झालेली इजा बघतं, आणि रस्त्यावर दोन हजारांत घेतलेली सही त्याच्या हक्काच्या आड येऊ देत नाही. उलट विमा कंपनीनं यांनाच विचारलं, अपघात झाला तेव्हा कळवलं का नाही आणि आम्हाला न विचारता तडजोड का केली? पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, द्यायचं वचनही द्यायचं नाही. बहुतेकांनी ती वाचलेली नसते.

मला यात मोपेडवाल्याचं जास्त वाईट वाटतं. त्याला साध्या रीतीनं पोलिसांत नोंद करून दवाखान्यात नेलं असतं तर एक्स-रे त्याच दिवशी झाला असता. खर्च आणि बुडालेली मजुरी थर्ड पार्टी विम्यातून मिळायला हवी होती, तो विमा नेमका त्याच्यासाठीच असतो. कलम १३४ सांगतं की चालकानं जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची आणि विमा कंपनीला पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमीचा तपशील आणि चालकाचं नाव कळवायचं. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे: रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस. तिच्यासाठी अपघात पोलिसांकडे नोंदला जावा लागतो. 'पोलिसांच्या भानगडीत नको' म्हणून आपण कागदावर सही घेतो, तेव्हा आपण समोरच्याचा हा हक्क काढून घेतो, आणि बहुतेक वेळा समोरचा आपल्यापेक्षा गरीब असतो.

नंबर ११२, आणि महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला घेऊन जाणाऱ्या तिऱ्हाइताला साक्षीत अडकवतील ही भीतीही नको, २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आणून त्याला संरक्षण दिलं आहे. दावा कुठे करायचा यालाही मोकळीक आहे. अपघात झाला ती जागा, दावेदार राहतो ती जागा किंवा प्रतिवादी राहतो ती जागा, यांपैकी कुठेही. धक्का महाराष्ट्राच्या हद्दीत केळवदला लागला म्हणून सौंसरच्या माणसाला तिकडेच हेलपाटे घालावे लागत नाहीत. कायद्यानं मुदत मात्र सहा महिन्यांची घातली आहे.

आता आपल्या सीमेवरच्या खास दुखण्याकडे येतो. जुन्या गाड्या आपण नागपुरातून घेतो. तिथे पर्याय जास्त, भाव बरा. एमएच ३१, एमएच ४०, एमएच ४९ अशा पाट्यांच्या गाड्या पांढुर्णा-सौंसरच्या गल्लीगल्लीत उभ्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर असतात. दोन राज्यांचा मामला, एनओसी आणा, रोड टॅक्स भरा, म्हणून "चालते ना, करू नंतर". माझ्या आतेभावानं अशीच गाडी घेतली. आठ महिने नाव बदललं नाही. विमा जुन्या मालकाच्या नावानं चालू होता, हप्ता मात्र हा भरत होता. जामसांवळीहून परतताना ट्रकनं बाजू घासली, साठ हजारांचं काम निघालं, आणि क्लेम नाकारला.

तो माझ्याकडे कंपनीला शिव्या घालत आला. "दादा, हप्ता मी भरला का नाही? पावती आहे माझ्यापाशी." पावती होती. पण कायदा त्याच्या बाजूनं नव्हता. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जात नाही. तो नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. जुन्या मालकाचं गाडीत काही राहिलेलं नाही आणि नव्या मालकाचा कंपनीशी करार नाही, मग पैसे द्यायचे कोणाला? मी त्याला तक्रार करू नको म्हणून सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. आत्यालाही नाही. साठ हजार त्याच्या खिशातून गेले, आणि त्या वर्षी त्याच्या मुलीच्या कोचिंगचे पैसे उधारीवर भरले गेले.

दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त आपल्याकडे राहणार असेल तर तिची नोंदणीही इकडे करून घ्यायची असते (कलम ४७), म्हणजे एमएच जाऊन एमपी २८ येतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. छिंदवाड्याच्या फेऱ्यांचं निमित्त पुढे करायची सवय आता तरी सुटावी. आणखी एक, विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही. तो त्या माणसाचा असतो आणि त्याच्या पुढच्या गाडीला जातो. एजंटनं "चालू ठेवतो" म्हटलं तरी नको म्हणा, क्लेमच्या वेळी हेच काढून दाखवतात.

क्लेम अडकायची बाकीची कारणं भराभर सांगतो. खासगी पाटीच्या गाडीनं पैसे घेऊन सवारी नेली, तर वापराच्या अटीचा भंग होतो. अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली अशा क्लेमलाही पूर्ण नकार न देता तडजोडीनं काही रक्कम द्यायला लावली, म्हणून थेट नकार आला तर हा निकाल दाखवा. संत्र्याच्या पिकअपवाल्यांसाठी: साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी चालवायला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं, असं घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं आहे, त्या कारणावरून नाकारलेलं पत्र आलं तर गप्प बसू नका. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे नियामकानं २०२० मध्येच स्पष्ट केलं. आणि चालकाचं नाव बदलू नका. गाडी मुलगा चालवत होता, लायसन्स नव्हतं, म्हणून काकांचं नाव लिहिणं आपल्याकडे सर्रास चालतं. टोलचा कॅमेरा, मोबाइलचं लोकेशन, गर्दीतल्या कोणाचा तरी व्हिडिओ, यातलं एक जरी जुळलं नाही तरी क्लेम जातो, आणि ती फसवणूक आहे ती वेगळीच.

कंपनीनं नाकारलं किंवा कमी दिलं आणि तुमचं म्हणणं कागदावर खरं असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. म्हणजे पांढुर्ण्याच्या वडिलांची सुनावणी आणि पुण्याच्या मुलाची मदत एकाच वेळी शक्य आहे. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं. नियामकाची हेल्पलाइन १५५२५५, 'बीमा भरोसा' हे त्यांचं पोर्टल. घरच्यांच्या मोबाइलमध्ये पॉलिसीचा फोटो, कंपनीचा क्लेमचा नंबर आणि ११२ एवढं आजच साठवून द्या. मोठ्या बाबांनी ते सगळं छापून गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलं आहे, चष्म्याच्या जुन्या डबीत.